सात नंबरचं पाणी

आता सगळं निस्तरलंय म्हणून हसून सांगता येतं. नाहीतर साल्मीत नऊ वर्षं आर्वो साउरेलासमोर कुणी आंघोळीचा विषय काढत नव्हतं. दुकानात बायांच्या गप्पा रंगात आलेल्या असायच्या, आर्वो दार ढकलून आत आला की बोलणं धाडकन बटाट्यांवर यायचं. त्यालाही ते कळायचं. तो आपला टोपीवरचं बर्फ झटकायचा, कॉफीची पुडी घ्यायचा आणि घराची वाट धरायचा.

मिशिगनच्या पार वरच्या टोकाला, लेक सुपिरिअरच्या काठाला साल्मी. आर्वोचा आजा फिनलंडहून इथं तांब्याच्या खाणीत राबायला आला, बापही त्याच खाणीत खपला. खाण बंद पडली तेव्हा आर्वो अकरा वर्षांचा होता. पुढं तो लष्करात गेला, तिथं ट्रकांच्या इंजिनात कोपरापर्यंत हात घालून तीन वर्षं काढली आणि परत येऊन तिठ्यावर पेट्रोलपंप टाकला. साल त्रेपन्न. जमिनीत लोखंडाच्या दोन टाक्या पुरल्या, वर दोन पंप उभे केले. दारात त्याच्या बायकोनं, सायमीनं, फुटक्या डब्यात लाल फुलं लावली. छत्तीस वर्षं तो पंप चालला. तळ्यावरून वारं सुटलं की बर्फ आडवं यायचं, रस्ता कुठला आणि रान कुठलं ते कळायचं नाही. पण आर्वोचा दिवा दिसायचा. लाकूडतोडे, मासेमारीवाले, दूधवाला, सगळे त्याच्या शेगडीपुढं ढुंगण शेकून पुढं जायचे.

रोज सकाळी टाकीत काठी सोडायची हा त्याचा नेम. लाकडी काठी, इंचा-इंचाला खूण. कुठवर भिजली ते बघायचं. काल किती होतं, त्यातलं विकलं किती, म्हणजे आज काठीवर किती यायला पाहिजे, हा हिशेब आर्वोच्या डोक्यात पक्का असायचा. सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात तो जुळेना. कधी पाव इंच कमी, कधी अर्धा.

"काठी खोटं बोलती का तू?" सायमीनं एकदा विचारलं.

"थंडी हाय. थंडीत पेट्रोल आकसतं."

आकसतं, हे खरंच आहे. पण असलं आकसलेलं उन्हाळ्यात परत फुगायला पाहिजे, ते काही फुगलं नाही. दुसऱ्या हिवाळ्यात तर इंच इंच कमी यायला लागलं. आर्वोला हे उमगत नव्हतं असं नाही. पण उमगलेलं बाजूला सारायचं तर साल्मीत थंडीएवढं सोयीचं निमित्त दुसरं नाही. गाडी सुरू झाली नाही, थंडी. पाव फुगला नाही, थंडी. नवरा चार दिवस बोलला नाही, तरी थंडीच.

पंपाच्या खालच्या अंगाला, उतारावर, उन्तो कोस्कीनेनचं घर. उन्तो आणि आर्वो एका बाकावर शिकलेले. उन्तोची बायको लेम्पी त्यांच्या पुढच्या बाकावर बसायची, आणि तेव्हापासूनच तिची जीभ कात्रीसारखी. त्यांच्या अंगणात विहीर, विहिरीला लागून सौना. सौना म्हणजे लाकडी कोठडी. आत दगडांची भट्टी, दगड तापवायचे, त्यावर पाणी मारायचं आणि उठलेल्या वाफेत बसून हाडं मोकळी करायची. शनिवारी ज्या घराची सौना तापली नाही ते घर साल्मीत सुतकातलं धरतात.

एकोणनव्वदच्या मार्चात एका शनिवारी दुपारी उन्तो वरच्या फळीवर चढून बसला आणि त्यानं दगडांवर डावभर पाणी ओतलं. चर्र झालं, वाफ उठली आणि वाफेबरोबर पेट्रोलचा भपकारा आला. डोळे झोंबले, घशात कडू उतरलं. उन्तो उठला तो तसाच, कमरेला पंचा, पाय अनवाणी, गुडघाभर बर्फ तुडवत चढ चढून आर्वोच्या दारात.

"आर्वो! तुजा पंप माज्या सौनात घुसलाय!"

आर्वो शेगडीत लाकूड घालत होता. "डबा सांडला असशील कुटंतरी."

"न्हाताना डबा घिऊन बसतो व्हय मी? हुंगून बघ मला!"

आर्वोनं हुंगलं. शेजारी सायमी उभी होती, तिनंही हुंगलं आणि नाकाला पदराऐवजी ॲप्रन लावला. आर्वो म्हणाला, "थंडीनं वास जरा चढतो. पंपावरनं वारं आलं असंल."

उन्तो त्याच्याकडे बघत राहिला. अंगातून वाफा निघत होत्या, मिशीला बर्फ धरलं होतं. मग वळला आणि उतरून गेला.

पुढचा एक आठवडा आर्वोनं काढला. आठव्या दिवशी त्यानं स्वतःच सरकारी कचेरीला फोन लावला, माझी टाकी गळतीय म्हणून सांगितलं. पण आठवडा गेला तो गेला. त्या आठवड्यात कोस्कीनेनांनी त्याच पाण्याची कॉफी प्यायली होती.

टाक्या उकरून वर काढल्या तेव्हा अर्धं गाव बघायला आलं. एका टाकीच्या बुडाला बोट आरपार जाईल अशी तीन भोकं. आर्वोनं एका भोकात खरंच बोट घातलं आणि कितीतरी वेळ काढलं नाही. सायमीनं त्याला दंडाला धरून घरी नेलं. पंप त्याच दिवशी बंद झाला.

मग आली यंत्रं. भिजलेली माती ट्रकांनी उचलून नेली, पण पाण्यात उतरलेलं ट्रकात भरता येत नाही. जमिनीखालचं पाणी उताराच्या बाजूला मुंगीच्या पावलांनी सरकत असतं, आणि पेट्रोलही त्याचा हात धरून सरकतं. पेट्रोल पाण्यावर तरंगतं म्हणतात. तरंगतं, पण थोडं विरघळतंही, आणि त्या विरघळलेल्यात बेंझिन असतं. ते माणसाच्या रक्तात जाऊन बसतं. म्हणून उतारावर तेरा बारीक बोअर मारले, मनगटाएवढ्या तोंडाचे, तोंडाला बूच आणि कुलूप. कुठल्या बोअरला काय लागतं त्यावरून खालचं पेट्रोल कुठवर गेलंय ते कळायचं. बोअर नंबर सात बरोबर मधे, आर्वोच्या कुंपणापासून चाळीस पावलं आणि लेम्पीच्या सौनापासून साठ.

पंपाच्या जागी पत्र्याची शेड उभी राहिली. तिच्यातली मोटर खालचं पाणी ओढायची, एका उंच नळकांड्याच्या माथ्यावरून सोडायची, खालून हवेचा झोत मारायची. हवेबरोबर पेट्रोल उडून जायचं, उरलंसुरलं कोळशाच्या पिंपांत अडकायचं. रात्रंदिवस घुंऽऽ घुंऽऽ. सरकारनं नेमलेल्या ठेकेदाराची माणसं लांबून यायची, तेव्हा रोजची देखभाल कुणी करायची हा प्रश्न होता. आर्वो म्हणाला, मी करतो. पगार विचारला नाही. गोठलेली नळी शेकायची, जाळी धुवायची, बोअरांवरचं बर्फ उकरायचं. किल्ल्या त्याच्याकडे. छत्तीस वर्षं जमिनीत पेट्रोल भरलं, आता काढायला बसलाय, असं लोक म्हणत. त्याच्या तोंडावरही म्हणत.

लेम्पीकडे पाण्याचे मोठे बुधले गाडीनं येऊ लागले. पिण्यापुरतं झालं, पण सौना तापवायची तर बुधले किती लागतील? शेजारपाजाऱ्यांनी बोलावलं. लेम्पी म्हणाली, "दुसऱ्याच्या वाफेत मी न्हानार न्हाई." नऊ वर्षं तिनं घमेल्यात बसून अंग पुसून काढलं.

आणि आर्वोनं काय करावं? त्याची विहीर चढावर, पाणी स्वच्छ, सौना धडधाकट. त्यानं आपल्या सौनाला कुलूप घातलं. शेजारणीची थंड असताना माझी तापवायची नाही, म्हणाला.

"तिच्या पान्यात पेट्रोल तू घातलंस," सायमी कडाडली. "माज्या सौनानं काय पाप केलंय?"

"तू जा भनीकडं."

"जाती की! तुज्या घमेल्यात कोन बसतंय!"

आणि ती दर शनिवारी पंचा खाकोटीला मारून बहिणीकडे जायची. आर्वो स्वयंपाकघरात घमेल्यात गुडघे पोटाशी घेऊन बसायचा. सहा फुटी माणूस, घमेलं दोन फुटी. एकदा दूधवाल्यानं ते खिडकीतून पाहिलं आणि गावाला बातमी झाली. म्हणून ते बटाट्यांचं बोलणं.

त्र्याण्णवच्या पानझडीत उन्तो गेला. छपरावर चढला होता, छातीत कळ आली. डॉक्टर म्हणाले, त्याच्या घराण्यात सगळ्यांचंच काळीज असं, पाण्याचा काही संबंध नाही. लेम्पीनं मान डोलावली. आर्वोला डॉक्टरचं पटलं, पण अंत्यविधीला तो सगळ्यांत मागं, दाराशी उभा राहिला.

पाणी हळूहळू निवळत आलं. पंचाण्णवला मोटर बंद केली. शेड गप्प झाली तेव्हा आर्वोला दोन आठवडे झोप येईना. आता फक्त तपासणी राहिली. नियम असा, की दर तीन महिन्यांनी तेराच्या तेरा बोअर तपासायचे आणि लागोपाठ चार खेपा सगळे स्वच्छ निघाले पाहिजेत. मग बोअर बुजवायचे आणि लेम्पीला तिची विहीर परत. एका खेपेला जरी ठरवलेल्या प्रमाणाबाहेर काही सापडलं तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

तपासणीला मार्ला बियांकी यायची. तिशीतली, इटालियन घरची, बारीक अंगाची, बोलायला लागली की थांबत नाही. साल्मीतल्या माणसांना आठवडाभर पुरतील एवढे शब्द ती एका बोअरवर खर्चायची. आधी पाण्याची पातळी मोजायची, मग बोअरमधलं उभं पाणी तीन वेळा उपसून फेकायचं, खालून नवं येऊ द्यायचं, मग बोटभर बाटलीत भरायचं. हवेचा बुडबुडा राहिला तर बाटली फेकून दुसरी. प्रत्येक बोअरला हातमोजे नवे. बाटल्या बर्फाच्या पेटीत. आर्वो तिच्यामागं फावडं घेऊन फिरायचा. संपलं की सायमी कॉफी आणि वेलदोड्याचा गोड पाव पुढं ठेवायची.

सत्त्याण्णवच्या एप्रिलला सगळे स्वच्छ. जुलैला स्वच्छ. ऑक्टोबरला स्वच्छ. चौथी खेप जानेवारीत.

लेम्पी डिसेंबरात चढ चढून आली होती. दारातच उभी राहून बोलली, "आर्वो, आइली बोलावती डुलुथला. लेकीकडं शहरातल्या नळाचं पानी हाय. मी तिला सांगितलंय, ह्या खेपंला न्हाई जमलं तर घर इकून येती. अजून एक वरीस घमेल्यात बसायचं माजं वय न्हाई."

"जमंल," आर्वो म्हणाला.

"थंडीनं आकसलं न्हाई म्हंजी मिळवलं," ती म्हणाली आणि गेली.

त्या दिवसापासून आर्वोला दुसरं काही सुचेना. लेम्पीचं घर विकलं गेलं तर उतारावर कोण येईल, कोण नाही, त्याचं त्याला काही नव्हतं. पण तिनं आयुष्यभराचं घर सोडायचं ते त्याच्या टाकीपायी, हे घेऊन त्याला झोपता येत नव्हतं.

मार्ला येणार त्याच्या आदल्या दिवशी पारा शून्याच्या पंचवीस खाली. आर्वोनं तेराही बोअरांवरचं बर्फ उकरलं. सात नंबरचं कुलूप गोठून दगड झालेलं. मागच्या जानेवारीत ह्याच कुलपाशी झटताना मार्लाची बोटं फुटून रक्त आलं होतं, ते त्याला आठवलं. साल्मीत हिवाळ्यात माणूस एक वेळ रुमाल विसरेल, पण गंज सोडवायच्या तेलाची डबी विसरणार नाही. बिजागरीला तेल, कडीला तेल, गाडीच्या दाराला तेल. आईनं मुलाला दूध पाजावं तसं इथं लोक कुलपांना तेल पाजतात. आर्वोनं खिशातून डबी काढली, कुलपात तेल सोडलं, किल्ली फिरवली. कुलूप लोण्यासारखं उघडलं. मग रबरी बूच बाहेर काढून त्याच्या आट्यावरूनही तेलाचा हात फिरवला, परत बसवलं. पोरीला त्रास नको. समाधानानं घरी येऊन त्यानं दोन कप कॉफी प्यायली.

दुसऱ्या दिवशी मार्लानं सात नंबर उघडलं ते एका झटक्यात. "अरे वा! आज शहाणं झालंय कुलूप!" आर्वो मिशीत हसला. बोलला काही नाही. साल्मीतला माणूस केलेलं काम सांगत बसत नाही.

तीन आठवड्यांनी कागद आला. बारा बोअर स्वच्छ. सात नंबरमध्ये टोल्यूइन आणि झायलिन, दोन्ही प्रमाणाबाहेर. पेट्रोलमधलीच दोन नावं. नऊ वर्षांत आर्वोला ती घरच्या माणसांसारखी ओळखीची झालेली.

त्यानं कागद दोनदा वाचला, घडी घालून मेजावर ठेवला आणि खुर्चीत बसून राहिला. पेट्रोल परत आलं. कुठल्या तरी मातीच्या बेचक्यात दडून बसलं होतं, आता निघालं. सायमीनं शेगडीत एक लाकूड जास्त घातलं.

लेम्पीलाही कागदाची नक्कल गेली होती. दोन दिवसांनी मार्ला स्वतः गाडी मारत आली, तेव्हा लेम्पीही वर आली, घराच्या दलालाचा पत्ता खिशात घेऊन. चौघं स्वयंपाकघरात मेजाभोवती बसली. सायमीनं कॉफी ओतली.

"मला हे पटत नाहीये," मार्लानं कागद पसरला. "टोल्यूइन आहे, झायलिन आहे. पण बेंझिन अजिबात नाही. पेट्रोल परत आलं असतं तर बेंझिन सगळ्यांच्या पुढं पळत आलं असतं. पाण्यात तेच आधी विरघळतं. बरं, वरच्या अंगाचं सहा नंबर स्वच्छ, खालचं आठ स्वच्छ. मग ह्या एकट्या सातात आलं कुठून? आभाळातनं पडलं?"

"हितं आभाळातनं बर्फच पडतंय," सायमी म्हणाली.

"आर्वो," मार्लानं त्याच्याकडे पाहिलं, "माझ्या आधी सात नंबर कुणी उघडलं होतं का?"

आर्वोचा हात कोटाच्या खिशावर गेला. डबी तिथंच होती. त्याला एकदम सगळं कळलं. किल्ल्या त्याला शेड सांभाळायला दिलेल्या होत्या, बोअर उघडायला नव्हेत. मार्लाशिवाय कुणी बूच काढायचं नाही, असं शेडच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, आणि तो रोज ते वाचत होता. समोर लेम्पी बसली होती. ती त्याच्याकडे अगदी सरळ बघत होती. काही बोललं नाही तर कुणाला कळणार नव्हतं. थंडीनं काहीतरी झालं असेल, एवढं म्हटलं तरी पुरलं असतं. ते वाक्य जिभेवर येऊनही बसलं होतं.

त्यानं डबी काढून मेजावर ठेवली.

"मी उघडलं. तू यायच्या आदल्या दिशी. कुलूप गोठलं हुतं. मागल्या साली तुजी बोटं फुटली हुती, म्हनून तेल घातलं. बुचालाबी लावलं."

मार्लानं डबी उचलली, मागची बारीक अक्षरं नाकाला लावून वाचली. मग तिनं कपाळ मेजावर टेकलं आणि तिचे खांदे हलायला लागले. आर्वोला वाटलं रडतीय. ती हसत होती.

"टोल्यूइन!" डोकं वर करून ती ओरडली. "झायलिन! इथं छापलंय! आर्वो, मी प्रत्येक बोअरला हातमोजे बदलते. रस्त्यात गाडीत पेट्रोल भरायचं असलं तर आदल्या दिवशीच भरून ठेवते. सकाळी अंगाला सेंटसुद्धा लावत नाही!"

"ते कळतंच की," लेम्पी म्हणाली.

"आणि तुम्ही बुचाला तेल लावता! मी बूच ओढलं, त्याचे थेंब सरळ आत!"

"तुजी बोटं..." आर्वो पुटपुटला.

"माझी बोटं गेली चुलीत!"

लेम्पी पुढं वाकली. "थांब, पोरी. म्हंजी पानी साफ हाय?"

"असावं. मला तरी तसंच वाटतं. पण सरकारी कागदाला असावं चालत नाही." मार्ला आता शांत झाली होती. "एक वाट आहे. आर्वो, तुम्ही स्वतःच्या सहीनं लिहून द्यायचं, की बोअर मीच उघडला होता, त्यात तेल माझ्याकडून गेलं. डबीसकट. मग ही खेप मोडली असं न धरता सात नंबर पुन्हा तपासा, अशी मी मागणी करते. पण शेडच्या किल्ल्या जातील तुमच्या. वरून कानउघाडणीचं पत्रही येईल. आणि गावात..."

"गाव घमेल्यावर हसलंय, आता डबीवर हसंल," आर्वो म्हणाला. "सायमी, कागद आन."

तो लिहायला बसला. लिहिण्याची सवय नव्हती, अक्षरं खिळे ठोकल्यासारखी एकेक येत होती. लेम्पी त्याच्या हाताकडे बघत होती.

"उन्तोनं इचारलं तवा आठवडा लावलास," ती म्हणाली. "आज कपातली कॉफीबी थंड झाली न्हाई."

आर्वोनं मान वर केली नाही. सही केली. लेम्पीनं दलालाच्या पत्त्याचा कागद खिशातून काढला नाही, पण डुलुथचं नावही काढलं नाही. जाताना पावाचे दोन तुकडे बांधून मागितले, तेव्हा सायमीनं अख्खा पाव दिला.

फेब्रुवारीच्या शेवटी परवानगी आली. कानउघाडणीचं पत्रही आलं, दोन पानी. आर्वोनं किल्ल्या मार्लाच्या हातात दिल्या. तिनं सात नंबरला नवं बूच आणलं, नवं कुलूप आणलं, आणि बोअर दिवसभर उपसला, पिंपामागून पिंप. आठवड्यानं पहिल्या बाटल्या भरल्या, आणखी आठवड्यानं दुसऱ्या.

दोन्ही वेळेला लेम्पी अंगणात उभी राहून पहारा देत होती. "आर्वो, रस्त्याच्या पल्याड! आजून मागं! हात खिशातनं भाईर काढ, दिसू देत मला!"

आर्वो रस्त्यापलीकडे दोन्ही हात वर धरून उभा. दूधवाल्यानं गाडी थांबवली. "काय रं, कुनी धरलंय तुला?"

"लेम्पीनं."

"मग सुटत न्हाईस," दूधवाला म्हणाला आणि गेला.

पुढचे बारा दिवस आर्वोनं घरातली एकही कडी, एकही बिजागरी हातात धरली नाही. दारं करकरत राहिली. फोन वाजला की सायमी त्याच्याकडे बघायची आणि तो खिडकीकडे. दोनदा तिच्या बहिणीचा होता, एकदा चर्चमधून बटाट्याच्या जेवणाचा निरोप. तेराव्या दिवशी दुपारी वाजला तो मार्लाचा.

ती सवयीप्रमाणं खूप बोलली असणार. आर्वो ऐकत राहिला. शेवटी "हं" म्हणाला आणि फोन ठेवला.

"काय म्हनली?"

"साफ."

"कोन साफ? नीट सांग की मर्दा!"

"सात नंबर. दोन्ही येळंला. टोल्यूइन न्हाई, झायलिन न्हाई. काय बी न्हाई. चारी खेपा धरल्या."

सायमी मटकन खुर्चीत बसली आणि ॲप्रननं तोंड पुसू लागली, तोंडाला काही लागलेलं नसताना. आर्वो बूट चढवायला खाली वाकला. दोन्ही डाव्या पायातलेच घेतले होते, एक त्याचा आणि एक सायमीचा. ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. तो तसाच लंगडत उतार उतरून गेला.

लेम्पी भांडी घासत होती. आर्वो दारात उभा राहिला. त्याला धाप लागली होती.

"मेलं का कोन?" लेम्पीनं विचारलं.

"न्हाई. पानी साफ हाय."

तिनं हातातली कढई खाली ठेवली. फडक्याला हात पुसले, एकेक बोट करून. बराच वेळ लागला त्याला.

"दार लाव आदी," ती म्हणाली. "थंडी आत येती."

मग तिनं डुलुथला फोन लावला आणि आइलीला एवढंच सांगितलं, की उन्हाळ्यात तूच इकडं ये, तिकडच्या नळाच्या पाण्याला म्हणे औषधाचा वास येतो.

तिच्या विहिरीचं पाणी वेगळं तपासलं, त्याचाही कागद हातात आला. एप्रिल निम्मा सरता सरता एका शनिवारी दुपारी साल्मीतल्या सगळ्यांनी पाहिलं, कोस्कीनेनांच्या सौनाच्या धुराड्यातून धूर निघत होता. बर्चच्या लाकडाचा पांढरा, सरळ वर जाणारा. दुकानात बाया आंघोळीविषयी खुशाल मोठ्यानं बोलायला लागल्या. सायमीनं बहिणीला कळवलं, आजपासून माझी वाट बघू नको.

लेम्पीनं सायमीला आणि आर्वोला बोलावलं होतं. साल्मीत आधी बाया न्हातात आणि मग पुरुष, पण लेम्पीनं दारातच आर्वोच्या हातात पंचा दिला.

"आधी तू जा."

"रीत न्हाई तशी."

"रीत मला नको शिकवू. पेट घेतला तर आधी तू जळावास, एवढंच बघती मी."

आर्वो आत गेला. कोठडीत उष्मा दाटला होता. नऊ वर्षं थंड पडलेल्या फळ्यांना डिंकाचा वास सुटला होता. तो वरच्या फळीवर चढून बसला. बादली शेजारी होती, पाणी सकाळीच विहिरीतून ओढलेलं. त्यानं डाव भरला आणि जरा वेळ तसाच धरून बसला. मग दगडांवर ओतला.

चर्र झालं. वाफ छताला लागली, वळून खाली आली, कानांना चटका बसला, खांद्यांवर पसरली. आर्वोनं डोळे मिटून नाकानं खोल श्वास घेतला. तापलेला दगड. ओलं लाकूड. अंगावर मारायच्या जुडीतला बर्चचा पाला. त्यानं आणखी एकदा हुंगलं, कोपऱ्या-कोपऱ्यातून हुंगलं, कुत्रं ससा शोधतं तसं. दुसरं काही नव्हतं.

बाहेरून दारावर थाप पडली.

"पेटलास का रं?" लेम्पी.

"न्हाई!"

"मग नीघ भाईर! हितं दोन म्हाताऱ्या कुडकुडायला लागल्यात!"

"आलो," आर्वो म्हणाला आणि त्यानं आणखी एक डाव भरला.